शिट्टी होईपर्यंत

१

कारखान्याची निळी बस सकाळी साडेसहाला मारीअम्माच्या देवळापाशी यायची. पेच्चीअम्मा सव्वासहालाच कट्ट्यावर येऊन बसायची. मांडीवर डबा, डब्यात बाजरीची आंबील आणि एक कांदा. वीस वर्षं झाली, कट्टाही तोच आणि डबाही तोच. फक्त बसायला लागणारा वेळ आणि उठायला लागणारा जोर वाढत गेला होता.

आज शेजारी तिची मुलगी सेल्वी बसली होती. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. निकाल लागला की मदुरैला नर्सिंगला जायचं हे तिचं ठरलेलं. मधे दोन महिने होते.

पेच्चीअम्माला तिला आणायचं नव्हतं. पण गेल्या काही महिन्यांत तिचे हात थरथरायला लागले होते, आणि भुईनळ्यात दारू भरताना थरथरता हात चालत नाही. फोरमन सुडलै एक दिवस शेजारी उभा राहून बघत राहिला आणि म्हणाला, "अक्का, एक तर हे हात नीट कर, नाहीतर दुसरे दोन घेऊन ये." सेल्वीने ते आईबरोबर काम करणाऱ्या तंगमकडून ऐकलं आणि घरी जाहीर केलं, "मी येणार. दोन महिने तर आहेत. मी काय तिथे संसार मांडतेय का?"

शिवकाशीच्या माळावर फटाक्यांचे सगळे कारखाने सारखेच दिसतात. लांब लांब बांधलेल्या एकेकट्या खोल्या, चारही बाजूंना दारं, मधे वेड्या बाभळी. फाटकावर झडती झाली. काड्यापेटी, फोन, केसातला आकडा, पदराची पिन, सगळं काढून ठेवायचं. चपला खोलीबाहेर. दाराशी तांब्याची पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर तळवा टेकायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते, मग आत पाऊल.

"विसरलीस तर?" सेल्वीने विचारलं.

"विसरायचं नाही," पेच्चीअम्मा म्हणाली.

दारावर पाटी होती. खोली ८-ब. माणसे चार.

आत नऊजणी होत्या. सेल्वीने पाटी वाचली, आत बघितलं, आणि आईकडे बघून भुवया उडवल्या. पेच्चीअम्माने डोळ्यांनीच गप्प बस म्हणून सांगितलं.

२

साडेदहाला चौकीदाराने कडुनिंबाच्या फांदीला लाल पंचा बांधला. रस्त्यावर जीपची धूळ दिसली की तो पंचा बांधतो.

"पाटीबाहेरच्या, चला!" सुडलै ओरडला. "हसत-खिदळत जाऊ नका, लग्नाला नाही चाललात!"

पाचजणी उठल्या. ज्यांची नावं हजेरीत नाहीत त्या पाटीबाहेरच्या. तपासणीचे साहेब आले की त्यांनी मागच्या कुंपणाच्या फटीतून वेड्या बाभळीच्या रानात जाऊन बसायचं, आणि साहेब गेले की सुडलै तीन शिट्ट्या मारतो, तेव्हा परत यायचं. पूर्वी महिन्यातून एकदा व्हायचं. गेल्या वर्षीच्या अपघातानंतर कारखाना अकरा महिने बंद राहिला, नव्या नावाने उघडला, आणि आता साहेब दर आठवड्याला येतात.

बसायचीही रीत होती. एकीमागे एक, तोंड फटीकडे, पुढचीचा पदर मागचीच्या हातात. कितीतरी वर्षांपूर्वी एक बाई रानात झोपून राहिली, बाकीच्या निघून आल्या, आणि तिला फुरसं चावलं. तेव्हापासून पदर धरायचा आणि उठताना मोजायचं. सगळ्यात थोरली शेवटी बसते. ती "एक" म्हणून पुढचीच्या खांद्यावर बोट टेकवते, ती "दोन" म्हणते, असं पुढे जातं.

पुढे शेजारच्या गावच्या दोघी बहिणी होत्या. मग तंगम, मग सेल्वी, आणि शेवटी पेच्चीअम्मा.

"साहेब आपल्याला बघायला येतात, आणि आपण इथे," तंगम कुजबुजली. "माझं लग्न ठरवताना पण असंच झालं होतं. पाहुणे आले आणि मी मोरीत लपले."

"मग पसंत कशी केली?"

"बघितलं नाही म्हणून तर केली."

सेल्वी तोंडात पदर कोंबून हसली. पेच्चीअम्माही हसली असती, पण तेवढ्यात तिचा पदर मागून ताणला गेला.

काटा अडकला असेल. तिने न वळता पदर ओढला. काट्यात अडकलेला पदर ओढला की टर्रकन आवाज होतो, धागा निघतो. तसं काही झालं नाही. पदर थोडा सुटला आणि पुन्हा हळूच ताणला गेला.

तिने मान वळवली. मागे माती होती, बाभळीच्या सुक्या शेंगा होत्या. पदर जमिनीवर पडला होता. जवळपास एकही काटा नव्हता.

शिट्ट्या झाल्या. "एक," ती म्हणाली. "दोन," सेल्वी. मोजणी पाचावर थांबली. बरोबर होती. तरी उठताना तिला वाटलं, आपण एक म्हणायला घाई केली.

३

चौदा महिन्यांपूर्वी ही खोली नऊ नंबरची होती.

त्या दिवशीही साहेब आले होते. तेव्हा पाटीबाहेरच्या चौघी होत्या. पेच्चीअम्मा, इरुळायी, इरुळायीची नणंद आणि एक मुलगी. मुलगी दोनच दिवसांपूर्वी आली होती, कुठल्यातरी लांबच्या गावाहून, कुणाच्यातरी ओळखीने. बोलायची कमी. पहिल्या दिवशी तिने डबा आणला नव्हता, म्हणून पेच्चीअम्माने तिला आपल्या आंबिलीतली अर्धी दिली. दुसऱ्या दिवशी तिने कैरीची फोड आणून पेच्चीअम्माच्या हातावर ठेवली. सतरा-अठराची असेल. तिचं नाव पेच्चीअम्माने विचारलं नाही. विचारू की, घाई काय आहे, असं तिला वाटलं होतं.

त्या सकाळी इरुळायी म्हणाली होती, "अगं, कालची उरलेली दारू टबात तशीच आहे. हात लावून बघ, कोमट लागते." दारू ज्या दिवशी कालवली त्याच दिवशी संपवायची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आदल्या दिवशी उशीर झाला होता. सुडलै म्हणाला, "साहेब जाऊ देत, मग आधी तीच भरा."

इरुळायीच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, फार जुन्या एका भडक्यात गेलं होतं. ती म्हणायची, "आगीने माझी चव घेतली आणि सोडून दिलं. आवडले नसेन."

शिट्ट्या झाल्या, मोजणी झाली, चौघी उठल्या. पेच्चीअम्माच्या हातात त्या मुलीचा पदर होता. चार पावलांवर तिच्या टाचेत काटा गेला. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. आणि तिने पदर सोडला.

काटा अर्धा निघाला होता तेव्हा आवाज झाला. आवाजापेक्षा तिला त्यानंतरचं आठवायचं. आकाशातून कागद पडत होते, भुईनळ्यांवर चिकटवायचे रंगीत कागद, सावकाश, देवीच्या पालखीवर फुलं पडावीत तसे.

संध्याकाळी सुडलै, गावातले दोघे वडीलधारे आणि एक पोलीस तिच्या दारात आले. सुडलैच्या भुवया जळालेल्या होत्या. तो रडत होता, ते खोटं नव्हतं.

"अक्का, हजेरीत चार आहेत. सात म्हणालीस तर कारखाना कायमचा जाईल. तीनशे चुली आहेत."

पोलिसाने विचारलं, "आत किती होत्या? चारच ना?"

"चार," पेच्चीअम्मा म्हणाली.

इरुळायीच्या घरच्यांनी स्टोव्ह भडकला म्हणून लिहून दिलं, नणंदेचंही त्याच कागदावर. त्या मुलीसाठी कुणी काहीच लिहून दिलं नाही, कारण विचारायला कुणी आलंच नाही.

४

पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल पंचा. पुन्हा रान. या वेळी पेच्चीअम्माने पदर आधीच कमरेला घट्ट खोचून टाकला होता.

ऊन माथ्यावर होतं. बाभळीची सावली ती केवढी, चाळणीसारखी. पेच्चीअम्माला डुलकी लागत होती. ऐन उन्हात, काट्यात बसूनही हल्ली तिला झोप यायची.

शिट्ट्या झाल्या. "एक" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या खांद्यावर मागून बोट टेकलं.

दुखावं असं नाही. नेहमी टेकतात तसंच, मोजणी पुढे नेण्यापुरतं.

ती तशीच बसून राहिली. पुढे सेल्वी वाट बघत होती. "अम्मा? मोज ना."

"दोन," पेच्चीअम्माच्या तोंडून निघून गेलं.

"दोन कसली? झोपलीस का?" तंगम हसली. "अक्का, संक्रांतीपर्यंत उठवलं नाही तरी चालेल असं दिसतंय."

घरी आल्यावर तिने पाठीवरचा पदर पुढे घेऊन दिव्याखाली बघितला. खोचलेला पदर बाहेर निघाला होता. त्यावर चंदेरी ठसे होते, चार बोटांचे. भुईनळ्याच्या भुकटीने सगळ्यांचेच हात चंदेरी होतात, साबणाने जात नाहीत, जेवताना भाताला लागतात. सेल्वीचेच असतील. बसमध्ये टेकून झोपली होती ती.

तिने ठसे नीट बघितले. तीन बोटं पूर्ण होती. कडेचं आखूड होतं.

पदराला चुणी पडली असेल, तिने स्वतःला सांगितलं. चुणी पडली की असं होतं. तिने साडी भिजत घातली आणि बादलीकडे पाठ करून बसली.

५

"अम्मा, तुझ्या मागे बसतात त्या कोण गं?"

सेल्वी रात्रीच्या भाताचं पाणी गाळत होती. अगदी सहज विचारलं तिने.

"माझ्यामागे कुणी बसत नाही. मी शेवटची."

"अगं, त्या नाही का? दुसऱ्या खोलीतल्या असतील. आज उठताना मी मागे बघितलं तर बसल्याच होत्या. तोंडावर पदर घेतलेला, उन्हामुळे. त्यातल्या एकीने मला विचारलं, जेवलीस का."

पेच्चीअम्माने हातातलं ताट खाली ठेवलं. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अजून नाही. लहानशीच आहे ती, माझ्याएवढी. म्हणाली, आमच्यात येऊन बस, पदर धरायला माणूस कमी पडतंय." सेल्वी हसली. "मी म्हटलं, उद्या बघू."

"उद्यापासून तू यायचं नाहीस."

"आणि तुझे हात?"

पेच्चीअम्माने हात मांडीखाली घेतले.

"अम्मा, फीचे पैसे भरायचेत. तू एकटी दिवसाला किती भरतेस ते मी बघतेय ना. मुदतीला पंधरा दिवस उरलेत. पंधराच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला काय झालंय? नीट झोप तरी."

आपण दमलोय, पेच्चीअम्माने विचार केला. दमलेल्या माणसाला काहीही वाटतं. पण दमली ती होती. सेल्वी दमलेली नव्हती.

६

शनिवारी सकाळी खोलीत शिरल्यावर तिने कोपऱ्यातला टब बघितला. वर ओलं गोणपाट टाकलं होतं. काल वीज गेली म्हणून लवकर सुटी झाली होती. तिने गोणपाटाखाली हात घातला.

कोमट होतं. तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ असतं तसं नाही, नुकताच ताप चढू लागलेल्याचं असतं तसं.

ती बाहेर सुडलैकडे गेली. "अण्णा, कालची दारू उरलीय. गरम लागते."

"हवा गरम आहे, अक्का. सगळंच गरम लागतं."

"त्या दिवशी पण..."

सुडलैने तिच्याकडे बघितलं नाही. त्याच्या भुवया पुन्हा आल्या होत्या, पण विरळ. "मालकांना फोन केला तर म्हणतील फेकू नका. मी काय करू? आधी तीच भरून टाका, की संपलं." आणि मग एकदम तो पुढे म्हणाला, "पंचा लागला बघ. जा, घेऊन जा सगळ्यांना. साहेब गेले की लगेच तीच घ्या भरायला."

पेच्चीअम्मा फटीतून रानात आली. दोघी बहिणी बसल्या, तंगम बसली. सेल्वी दिसेना. "हात धुवून येते म्हणाली," तंगम म्हणाली. पेच्चीअम्मा तंगमच्या मागे बसली, मधे एका माणसाची जागा ठेवून.

थोड्या वेळाने तिचा पदर धरला गेला.

या वेळी तिने ओढला नाही.

"सेल्वी?" ती हळूच म्हणाली.

"इथे आहे, अम्मा." आवाज मागून आला. पाठीला श्वास लागेल इतक्या जवळून नाही. तीन माणसं मधे बसावीत एवढ्या अंतरावरून. "उशीर झाला ना, म्हणून मागेच बसले. या अक्का म्हणतायत, शिट्टी झाली की आपणच आधी आत जाऊ, टब भरायचाय. मी यांच्याबरोबर जाते."

पेच्चीअम्माने मान वळवली नाही. तिने फक्त खाली बघितलं, आपल्या काखेखालून. तिच्या पदरावर एक हात होता. कोपरापर्यंत चंदेरी, तव्याची काजळी बसावी तसा काही ठिकाणी काळा. करंगळी आखूड होती. हात घट्ट धरून नव्हता. रीतीप्रमाणे धरला होता, चुकामूक होऊ नये एवढाच.

यांना फक्त आत जायचं होतं. त्या दिवशी शिट्टी ऐकून आत गेल्या आणि काम अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला. रागाने कुणी इतकं अलगद धरत नाही, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

कारखान्यातून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आता सुडलै शिट्टी तोंडात धरेल. जीप फाटकाबाहेर पडून रानाच्या कडेने वळण घेते, दिसेनाशी होते, मग शिट्टी.

"सेल्वी," पेच्चीअम्मा म्हणाली, "मी काय सांगते ते ऐक. शिट्टी झाली तरी उठायचं नाही. कुणाचा पदर धरला असशील तर सोड."

"अम्मा, काय..."

"सोड म्हणते ना! तंगम, तूही. कुणी हलू नका इथून. टब तापलाय."

मग ती उठली. गुडघे कुरकुरले. फटीकडे न जाता ती उलट्या दिशेला, रस्त्याकडे निघाली. वीस वर्षांत पाटीबाहेरची कुणी त्या दिशेला गेली नव्हती.

पदर ताणलेलाच राहिला. ती एक पाऊल टाकायची, आणि मागचं ओझं एक पाऊल यायचं. ओल्या गोधड्या ओढत न्याव्या तसं. काट्यांनी पोटऱ्या फाटल्या. मागे सेल्वीचा आवाज आला, "अम्मा, या उठल्या, तुझ्यामागे..." आणि तो आवाज लांब लांब होत गेला. सेल्वी जागेवरच होती. पेच्चीअम्माने त्यातच बळ धरलं.

"चला," ती न वळता म्हणाली. "चला माझ्याबरोबर. तिकडे आत नाही जायचं. इकडे."

७

जीप करकचून थांबली. धूळ पुढे गेली आणि सावकाश खाली बसली. साहेब चष्मा लावलेले, पिकल्या केसांचे, मांडीवर कागदांची फाईल. फाटकाशी सुडलै उभा होता, शिट्टी ओठांशी नेलेली. तिला बघून त्याचा हात तसाच राहिला. त्याने शिट्टी मारली नाही.

पेच्चीअम्माला धाप लागली होती. "साहेब, आठ-ब मधला टब तापलाय. कालची दारू आहे. आत चौघी आहेत, त्यांना आधी बाहेर काढा. हळू काढा, टबाला धक्का नको. पाणी नको, फक्त लांब व्हा म्हणावं."

साहेबांनी एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. ड्रायव्हर उडी मारून फाटकाकडे पळाला. सुडलैही वळून पळाला, "बाहेर या! सगळं ठेवा तसंच, बाहेर या!" असं ओरडत. खोलीच्या चारही दारांतून बायका बाहेर पडताना तिला लांबून दिसल्या. एक, दोन, तीन. जरा थांबून चौथी.

मग ती खाली बसली, रस्त्यातच.

साहेब जीपमधून उतरले. त्यांनी फाईल उघडली, पेनचं टोपण काढलं. त्यांची नजर तिच्यावर आली, मग तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथे थांबली. उन्हामुळे त्यांनी कपाळावर हात धरला.

"तुम्ही चौघी हजेरीत नाही," ते म्हणाले. "कुठल्या खोलीतल्या तुम्ही?"

पेच्चीअम्मा एकटीच रस्त्यावर आली होती.

पदर ताणलेला होता. पाठीला ऊन लागायला हवं होतं, ते लागत नव्हतं.

"नऊ," ती म्हणाली. "आधी ती नऊ नंबरची होती. त्या दिवशी आत सातजणी होत्या, साहेब. मी चार म्हणून सांगितलं. या तिघी मोजायच्या राहिल्या."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, पण चालत नव्हतं. ते अजून तिच्या मागेच बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता, वाचता न येणारं काहीतरी माणूस पुन्हा पुन्हा वाचायला लागतो तसा.

"नावं," ते कसंबसं म्हणाले. "नावं सांगा."

"इरुळायी. तिची नणंद कनी." पेच्चीअम्माने डोळे मिटून घेतले. खूप दिवसांनी तिचे हात थरथरत नव्हते. "आणि त्या शेवटच्या मुलीला तुम्हीच विचारा, साहेब. माझं विचारायचं राहून गेलं."